शेवंतीची कुंडी

सध्या आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत जो भेटतो तो एकच विचारतोय, "काय ओ मॅडम, युरोपला जाऊन आलाव म्हणे, किती देश बघितलं?" आणि मी चार म्हणलं की समोरच्याचा चेहरा पडतो. तीन महिन्यात चारच? त्यांच्या साडूनं तर बारा दिवसात नऊ केले. मग मी सांगते की त्या चारातला एक पण सहाच दिवसांचा होता, तेव्हा तर ते आमच्या ह्यांच्याकडं बघतात, की तब्येत वगैरे बिघडली होती का काय. तब्येत ठणठणीत होती. आम्हाला असंच जायचं होतं, आणि त्याबद्दल लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले, म्हणून आज बसलेच.

ह्यांनी चौतीस वर्षं यंत्रमाग चालवले. चादर आणि टॉवेल. माग बंद ठेवला की कामगाराची मजुरी बुडते, त्यामुळं आमची सगळ्यात मोठी सहल म्हणजे तिरुपती, ती पण तीन दिवसात परत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मला मे महिन्याची सुट्टी असायची पण ह्यांना नाही. 2023 ला माग विकले, त्याआधी वर्षभर मी रिटायर झालेले, आणि लेक जावई जर्मनीत श्टुटगार्टला. लेकीनं फोनवर स्पष्ट सांगितलं, आई आठ दिवसांसाठी धावतपळत येणार असाल तर येऊच नका, आलात तर नीट राहायला या. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसावर 180 दिवसात 90 दिवस राहता येतं. आम्ही 86 दिवस राहिलो, 4 सप्टेंबर ते 28 नोव्हेंबर 2024.

व्हिसाचं फार लिहीत नाही, सगळीकडं मिळतं ते. जिथं सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा, माणशी 90 युरो फी, 30,000 युरोचा विमा लागतो, आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. सामानाचं मात्र सांगते कारण बायका ते विचारतातच. बाहेरच्या देशातून तिकडं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत. शेंगा चटणी चालते. कडक भाकरी चालते, आणि कडक भाकरीसारखं प्रवासाचं अन्न जगात दुसरं नसेल, मी एका डब्यात चाळीस भाकरी नेल्या होत्या आणि शेवटची पोर्तुगालमधल्या लिस्बनमध्ये खाल्ली.

श्टुटगार्टला पहिल्याच रविवारी एक गोष्ट घडली. चटणी थोडी जाडसर राहिली होती म्हणून मी सकाळी साडेनऊला लेकीच्या ओट्यावर छोटा खलबत्ता घेऊन बसले. दहा मिनिटात बेल. खालच्या मजल्यावरच्या आजी, केस पांढरे, स्वेटर इस्त्रीचा, हसत नव्हत्या पण रागावलेल्या पण नव्हत्या. त्यांनी फक्त "झोनटाग" एवढं म्हणलं. रविवार. जावयानं समजावून सांगितलं की इथं रविवारी आवाज करायचा नसतो, ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या पण रस्त्यावरच्या डब्यात रविवारी टाकायच्या नाहीत कारण खळ्ळ आवाज होतो. दुकानं बंद, जवळजवळ सगळी. मला आधी जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण दुपारी बाल्कनीत बसले आणि लक्षात आलं की अख्ख्या गल्लीत कसलाच आवाज नाही, चर्चची घंटा आणि पक्षी, बस्स. ह्यांनी चौतीस वर्षं मागाची खटखट ऐकलीय, ह्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं ते त्यामुळंच. हे त्या दिवशी दोन तास नुसते बसून होते. म्हणाले, "अगं, आपल्याकडं असा एक दिवस असता तर कान शाबूत राहिले असते." त्यानंतर रविवारी चटणी कुटायचं मी कधी मनात पण आणलं नाही.

त्याच आजींकडून पुढं केरवोखं कळलं. श्टुटगार्टच्या त्या भागाची ही खास पद्धत. इमारतीतला जिना कुणी झाडायचा याची पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी अडकवतात. आठवडाभर तुमची पाळी, जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा, आणि मग पाटी शेजारच्या दाराला. मोठी पाळी वेगळी, त्यात बाहेरचा फुटपाथ, तळघर वगैरे. याची मुळं पार पंधराव्या शतकातल्या शहराच्या नियमांत आहेत म्हणतात. लेकीच्या दारावर पाटी आली तेव्हा ती ऑफिसच्या गडबडीत, मग मी म्हणलं मी करते. मी आमच्या पद्धतीनं केलं, आधी झाडून, मग ओल्या फडक्यानं वरून खाली एकेक पायरी बसून पुसली. आजी वर येत होत्या, थांबल्या, वाकून पायरीचा कोपरा बघितला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून दोनदा म्हणाल्या, "गूट. गूट." बत्तीस वर्षं मास्तरीण होते, पोरांना शेरे देत आले, पण मला मिळालेला हा शेरा मी विसरणार नाही. जाताना त्यांना चटणीची एक बाटली दिली. आमच्या लहानपणी वाड्यात नळाची पाळी असायची, बोळ झाडायची पाळी असायची, ती आता कुठं गेली काय माहीत, अपार्टमेंटमध्ये महिन्याचे पैसे भरले की आपला संबंध संपला.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाला गेलो ते हेच सहा दिवस. महाल बघितले, चांगले आहेत. मला आवडलं ते कॉफी हाऊस. एक कॉफी सांगितली की छोट्या चांदीच्या ताटलीत कॉफी आणि सोबत पाण्याचा पेला, आणि मग कुणीही तुम्हाला उठा म्हणत नाही. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं ठेवलेली असतात, माणसं तासन् तास बसतात. पहिल्या दिवशी आम्ही बिलाची वाट बघत चाळीस मिनिटं बसलो, मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं सांगितलं की तुम्ही मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे पाहुण्याला घालवून देणं, तसं ते करत नाहीत. किती छान विचार आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम दीड तास बसलो.

लिस्बनचं आधी सांगून टाकते, खरं तर ते शेवटी गेलो, पण एकदा फ्रान्समधल्या लिऑनवर आले की मी थांबणार नाही. लिस्बनला आम्ही खोली घेतली होती, घरमालकानं किल्ली हातात दिली आणि म्हणाला "शाव". मी लिहिलेलं बघितलं तर चावे. आपली चावी! मग आम्हाला नादच लागला, बाजारात गेलं की शब्द गोळा करायचे. बटाट्याला बटाटाच. पावाला पांव, नाकात म्हणायचं. काजूला काजू, अननसाला अननस, बादलीला बाल्द, साबणाला साबांव. दुकानात पैसे देण्याला पगार. म्हणजे आमच्या मागावरचे कामगार दर शनिवारी ह्यांच्याकडं पोर्तुगीज शब्द मागत होते आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तेजो नदीच्या काठी बेलेंला जाऊन बसलो, तिथूनच वास्को द गामा 1497 ला निघाला होता. आपल्या सोलापुरी चटणीतले शेंगदाणे आणि मिरची दोन्ही मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांनी आपल्याकडं आणली असं म्हणतात. शेवटची कडक भाकरी आणि चटणी आम्ही त्या नदीकाठी खाल्ली, मुद्दाम राखून ठेवली होती.

तिथली एक पद्धत नवीन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. जेवायला बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतात. ते खाल्लं तर पैसे लागतात, नको असेल तर सरळ परत न्या म्हणायचं, कुणाला राग येत नाही. आम्ही पहिल्या दिवशी पाहुणचार समजून सगळं संपवलं. पण मला विचाराल तर यात फसवणूक नाही, त्यांच्या सगळ्या लोकांना हे माहीत असतं, आपण नवीन असतो एवढंच.

आता लिऑन. तिथले लोक ल्यों म्हणतात, मी पण ल्योंच म्हणते. तिथं जायचं कारण ह्यांच्या मनात चाळीस वर्षांपासून होतं. सोलापुरी चादरीवर मोर, फुलं, जाळी जे काही विणलेलं असतं ते जेकार्डवर होतं. मागाच्या वर जेकार्डचा सांगाडा बसवतात, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, जिथं भोक तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथला खालीच राहतो, एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे गेले की मोर उभा राहतो. हे यंत्र ज्यानं 1804 मध्ये केलं तो जोझेफ मारी जाकार ह्याच ल्योंचा, 1752 ला तिथंच जन्मला. आमच्या ह्यांना तरुणपणी एका जुन्या जॉबरनं सांगितलं होतं की जेकार्ड हे माणसाचं नाव आहे, तेव्हापासून त्या माणसाचं गाव बघायचं होतं.

लेकीनं आम्हाला खोली शोधून दिली ती क्रुआ-रुस टेकडीवर. तिथं म्हणतात ल्योंला दोन टेकड्या, एक प्रार्थना करणारी आणि एक काम करणारी. क्रुआ-रुस म्हणजे कामाची. चार मजले जिना चढून, लिफ्ट नाही, बॅगा घेऊन वर पोचलो, घरमालकीण आजींनी दार उघडलं आणि मी पाणी कुठंय बघतेय तोवर हे खोलीच्या मधोमध उभं राहून छताकडं बघत होते. छत फार उंच, चार मीटर तरी, मोठमोठ्या लाकडी तुळया, खिडक्या पण तशाच उंच. "अगं वर बघ," म्हणाले. "ही जेकार्डची उंची आहे." आजींना आम्ही खुणेनं आणि मोबाईलच्या भाषांतरानं विचारलं. त्या बघतच राहिल्या. होय म्हणाल्या, ही घरं रेशीम विणणाऱ्यांसाठीच बांधली होती, माग मावावा म्हणून छत उंच, उजेड यावा म्हणून खिडक्या मोठ्या. खाली माग आणि वर लाकडी माळा टाकून त्यावर कुटुंब झोपायचं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अशी कितीतरी घरं मी बघितलीत, साखर पेठेत माझ्या वर्गातली एक मुलगी राहायची, एका खोलीत माग, मागाच्या बाजूला चूल, आणि ती मागाखालच्या पायखड्ड्याशेजारी बसून पाढे पाठ करायची. तिच्या घराची आणि ह्या घराची जागा सात हजार किलोमीटरनं वेगळी, पण घर तेच. ह्यांनी त्या रात्री फार बोलणं केलं नाही.

विणकरांना तिथं कान्यू म्हणतात. 1831 साली मजुरीचे दर ठरवून मिळावेत म्हणून ते उठले, त्यांची घोषणाच होती की काम करून जगू नाहीतर लढून मरू. मे 1930 ला आमच्या गिरणीगावानं इंग्रजांचं राज्य काही दिवस झुगारून दिलं, मार्शल लॉ आला, आणि 12 जानेवारी 1931 ला चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. शंभर वर्षांचं अंतर. मी तिथल्या चौकात उभी राहून आजींना चार हुतात्मा चौकाचा फोटो दाखवला.

कान्यूंच्या संग्रहालयात हातमाग चालवून दाखवतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा आवाज सुरू झाला तसं ह्यांनी उजवा कान पुढं केला. दाखवणारी बाई सांगत होती की बारीक नक्षीचं मखमल असेल तर दिवसभरात काही सेंटीमीटरच होतं. हे शेवटी थांबले, मोबाईल काढला आणि आमच्या मागाचा जुना व्हिडिओ तिला दाखवला, मोराची चादर, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर. ती तिथल्या अजून दोघांना बोलावून घेऊन आली. भाषा एक नाही, पण तिघं चौघं त्या पडद्यावर बोट ठेवून पुठ्ठे, हुक, दोऱ्या दाखवत अर्धा तास बोलत होते, मी बाजूला बसून होते, मला रडू आलं. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, बाबा, भोक आहे का नाही एवढ्यावर चालणारे ते पुठ्ठेच पुढं कॉम्प्युटरला पण वापरले, माझं काम पण तिथूनच सुरू झालंय.

पण मला पद्धतींबद्दल लिहायचं होतं. पहिले तीन दिवस कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई आमच्याशी नीट बोलत नव्हती. हे आत जायचे, बोट करून "वन बगेत" म्हणायचे, ती पाव द्यायची पण चेहरा दगड. आम्हाला वाटलं परदेशी म्हणून असेल. आजींना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, आत गेल्यावर बोंजूर, म्हणजे नमस्कार, म्हणलात का? नाही म्हणलं. मग त्यांनी आम्हाला दाराबाहेर नेलं आणि परत आत यायला लावलं, शाळेत लावतात तसं. दुकानात शिरलं की आधी बोंजूर, मग थांबायचं, समोरचा बोंजूर म्हणेल, मग काय हवं ते. निघताना मेर्सी, ओ रव्हुआर. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला बोंजूर. दवाखान्यात बसलेल्या अनोळखी लोकांना बोंजूर. नाही म्हणलं तर तुम्ही समोरच्याला माणूस न समजता यंत्र समजलात असा अर्थ होतो. दुसऱ्या दिवशी हे आत गेले, टोपी काढली आणि म्हणाले "बोंजूर मादाम". ती बाई अशी हसली! त्या दिवसानंतर ती आमच्यासाठी बगेत नीट भाजलेला बघून काढायची. दोष तिचा नव्हता, तीन दिवस आम्हीच तिच्या घरात न विचारता शिरत होतो.

टेकडीवरच्या मोठ्या रस्त्यावर सकाळी भाजीबाजार भरतो. आपण कसं, पपई दाबून, आंबा हुंगून, वांग्याचा देठ बघून घेतो. तिथं फळाला हात लावायचा नाही, विकणारा निवडून देतो. मला हे फार जड गेलं. पण तो माणूस मला विचारतो, पेर आजसाठी हवेत का उद्यासाठी? मी म्हणलं दोन आज, दोन परवा. त्यानं चार पेर दाबून बघून वेगवेगळ्या पिशवीत घातले, आणि परवाचे पेर परवाच बरोबर पिकले. त्यानंतर हात लावायची इच्छाच झाली नाही. विश्वास टाकायला पण वेळ लागतो, दोन दिवसाच्या मुक्कामात कुणावर टाकणार.

जेवणाच्या वेळा मात्र कडक, बारा ते दोन. अडीचला गेलो तर स्वयंपाकघर बंद, हात जोडून नाही म्हणाले. हॉटेलात साधं पाणी फुकट मिळतं, काराफ दो म्हणायचं, बाटली घ्यायची गरज नाही. आणि पाव टेबलावर कधीच उलटा ठेवायचा नाही. ह्यांनी एकदा बगेत उलटा ठेवला तर आजींनी बोलता बोलता हात पुढं करून सरळ केला. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, उलटा पाव अपशकुनी, जुन्या काळी बेकरीवाला फाशी देणाऱ्याचा पाव असा उलटा बाजूला ठेवायचा. माझी आजी ताटातली भाकरी उलटी पडली की अशीच सरळ करायची, कारण तिला पण सांगता आलं नसतं.

आजी एकट्या राहायच्या, आमच्या खालच्या मजल्यावर. मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले. एकदा त्यांनी जेवायला बोलावलं आणि एक पदार्थ केला होता, नावाचा अर्थ विणकराचा मेंदू. आम्ही शाकाहारी, आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यांना कळलं, त्या खूप हसल्या. त्यात मेंदू बिंदू काही नसतं, ताजं पांढरं चीज, म्हणजे आपला चक्का समजा पण आंबट कमी, त्यात लसूण, छोटा कांदा, कांद्याच्या पातीसारखी बारीक पात, थोडं तेल व्हिनेगर. गरीब विणकरांचं खाणं. मी वर जाऊन कडक भाकरी घेऊन आले. कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यावर ते चीज आणि वरून शेंगा चटणी, मी सांगते, दोन्हीकडच्या विणकरांनी एकमेकांसाठीच केल्यासारखं लागत होतं. आजींनी तीन भाकरी खाल्ल्या.

ऑक्टोबर संपत आला, 27 तारखेला रात्री घड्याळं एक तास मागं गेली, संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडायला लागला. चौकात जत्रा होती, पाळणे, नेमबाजी, भाजलेले चेस्टनट, अगदी आपल्या गड्ड्यासारखी. आणि फुलांच्या दुकानांबाहेर सगळीकडं शेवंती! पिवळी, पांढरी, तांबडी, मोठमोठ्या कुंड्या भरभरून. मला तर लक्ष्मी मंडईत उभी असल्यासारखं झालं. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं. मी म्हणलं आजींना दिवाळीची भेट म्हणून कुंडी देऊ. सगळ्यात भरगच्च पिवळी निवडली, हे ती चार मजले छातीशी धरून घेऊन आले, आणि 31 तारखेला संध्याकाळी आम्ही त्यांचं दार वाजवलं.

आजींनी कुंडी बघितली आणि त्यांचा हात तसाच थांबला. एक शब्द नाही. मग त्यांनी ती घेतली, दोघांच्या गालाला गाल लावले, आत बोलावलं, आणि हळूहळू मोबाईलवर लिहून सांगितलं. त्यांच्याकडं शेवंती जिवंत माणसाला देत नाहीत. 1 नोव्हेंबरला सगळे लोक आपापल्या माणसांच्या थडग्यावर ही फुलं ठेवतात, म्हणून दुकानांत कुंड्या. मी इतकी ओशाळले की मला उठताच येईना. आपल्याकडं ते फूल देवीच्या गळ्यात, दाराच्या तोरणात, आणि मी ते एकट्या बाईच्या हातात काय म्हणून दिलं! मी परत परत सॉरी म्हणत होते. त्यांनी माझा हात दाबला आणि लिहिलं, ह्या वर्षी गुडघ्यामुळं मी कुंडी आणायला जाऊ शकले नव्हते. तुम्ही आणलीत. उद्या माझ्याबरोबर चला.

1 नोव्हेंबरला सकाळी आम्ही तिघं टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो. मी मनातून घाबरले होते, सणाच्या दिवशी असल्या जागी. पण तिथं जत्रेसारखी माणसं, नातवंडं, म्हाताऱ्या, हातात कुंड्या, पाण्याच्या झाऱ्या, दगड घासून पुसणं चाललेलं. सगळी जमीन शेवंतीची. एका महिन्यापूर्वीच आपली सर्वपित्री झाली होती, मी लेकीच्या घरी पान वाढून बाल्कनीत ठेवलं होतं. ह्यांनी आजींच्या मिस्टरांच्या दगडावरची पानं हातानं काढली, कुंडी ठेवली, आणि नमस्कार केला. मी पण केला.

संध्याकाळी आमच्या खोलीत लक्ष्मीपूजन. पाट नव्हता, बॅग आडवी घालून त्यावर ह्यांनी विणलेला टॉवेल पसरला. नवी केरसुणी, मीठ, थोडे युरो, पाच पणत्या मी सोलापूरहून नेल्या होत्या, लाह्या बत्तासे नाहीत म्हणून साखर. आजी आल्या, दारातल्या आमच्या चपला बघितल्या आणि कुणी न सांगता वाकून आपले बूट काढले. आरती झाली. मी कुंकवाची डबी घेतली, ह्यांच्या कपाळाला लावलं, आणि आजींकडं वळले आणि माझा हात थांबला. अगदी आदल्या दिवशी त्यांचा थांबला होता तसा. मी मास्तरीण, मुलींना सावित्रीबाईंचे धडे शिकवले, पण माझ्या घरात माझ्या मोठ्या जाऊबाई, भावजी गेल्यापासून अकरा वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला स्वयंपाकघरात तिळाचे लाडू वळत बसतात, बाहेर येत नाहीत, आणि मी कधी या म्हणलेलं नाही. त्या आजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून कपाळ पुढं केलं. मी हळद लावली, कुंकू लावलं. त्यांनी आरशात बघितलं आणि फोटो काढून मुलाला पाठवला.

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून तिकडून आणलेल्या मार्सेलच्या साबणाच्या वड्या. बायका यायच्या आधी मी स्वयंपाकघरात गेले, जाऊबाईंच्या हातातलं लाडवाचं ताट काढून घेतलं आणि म्हणलं, "अक्का, बाहेर चला." त्या म्हणाल्या, "अगं काय कराल्यास, बायका काय म्हणतील." मी म्हणलं म्हणू देत. बैठकीत पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि पहिलं कुंकू त्यांना लावलं. दोन बायका वाण न घेता गेल्या. बाकीच्या बसल्या. अक्कांनी साबणाची वडी हुंगली, पदराच्या गाठीत बांधली, आणि मला म्हणाल्या, "त्या आजीचा फोटो आहे का गं तुझ्याकडं? दाखव बरं मला."